ट्रंकेतल्या चादरी

हिंजवडीच्या राजीव गांधी आयटी पार्कचा विस्तार होत गेला, तशी मुळशी तालुक्यातील मारुंजीची शेतेही उंच इमारतींनी व्यापली. पुण्याच्या पेठेतील वाड्यातून किंवा तालुक्याच्या गावी दुकानावरच्या माडीतून येथील दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत येणाऱ्या कुटुंबाबरोबर एक वस्तू हमखास येते, ती म्हणजे चादरींची ट्रंक. येथे माळा नसतो, अडगळीची खोली नसते, परसदार तर नसतेच. म्हणून ती ट्रंक पलंगाखालच्या कप्प्यात रिती होते. लग्नात आलेले पलंगपोस, मध्यभागी झिरझिरीत झालेल्या चादरी, आजोबांची धोतरे, दशा सुटलेले टॉवेल. ‘कधीतरी उपयोगी पडेल’ या एका वाक्याच्या आधारावर हे सारे वर्षानुवर्षे जपले जाते.

या वाक्यात काटकसर दिसते खरी. पण दुकानात पडून राहिलेल्या मालाला कोणताही व्यापारी बचत म्हणत नाही. तो त्याला अडकलेले भांडवल म्हणतो. शास्त्राची दृष्टी याहून कठोर आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहपरिमाण व्रताचे अतिचार सांगताना क्षेत्र, वास्तू, सुवर्ण, धान्य यांच्या पंक्तीतच ‘कुप्य’ येते, आणि आचार्य पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी टीकेत क्षौम, कापूस व रेशीम यांची गणना कुप्यातच केली आहे. भूखंड आणि दागिने यांची मर्यादा काटेकोरपणे ठरवणाऱ्या घरातही पलंगाखालचे कुप्य मात्र सहसा मोजले जात नाही. शिवाय बंद, दमट जागेतील कापडात कसर होते. मग तिच्यासाठी डांबरगोळ्या आणल्या जातात. जुने कापड जपण्याच्या नावाखाली घरात जीवोत्पत्ती आणि जीवहिंसा दोन्ही चालू राहतात, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

पर्युषणाच्या आधी घराची सफाई होतेच. त्या वेळी ही चळत बाहेर काढून प्रत्येक कापडाचे काम तेव्हाच ठरवावे आणि कात्री लावावी. कापलेले कापड वापरले जाते. घडी घातलेले पुन्हा कप्प्यात जाते.

आधी कापडाची जात ओळखावी. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकावा. सुती कापड तो चटकन पिते, पॉलिएस्टरवर तो काही काळ मोत्यासारखा उभा राहतो. हल्ली ‘सुती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ चादरी मिश्र धाग्याच्या असतात. असे कापड ओटा पुसत नाही, पाणी नुसते पसरवते. आणि गरम भांडे धरायला घेतले तर वितळून हाताला चिकटण्याचा धोका असतो. त्याच्या गाद्यांवरच्या खोळी किंवा बॅगांची आच्छादने करावीत, स्वयंपाकघरात त्याला जागा देऊ नये.

सुती चादर सर्वत्र सारखी झिजत नाही. निजणाऱ्याच्या अंगाखालचा मधला पट्टा विरतो, कडा मात्र नव्यासारख्या राहतात. म्हणून चादर लांबीत मधोमध कापावी, दोन्ही बाहेरच्या किनारी एकमेकींना जोडून मध्यभागी आणाव्यात आणि विरलेल्या कडा आतल्या बाजूस दुमडून शिवाव्यात. चादर थोडी अरुंद होते, पण आणखी काही वर्षे टिकते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग झाले, तेव्हा १९४३ साली तेथील सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिकाच काढली होती; चादरीच्या कडा मध्यभागी घेण्याची ही युक्ती त्या काळी तिथल्या घरोघरी ठाऊक होती. मध्यभाग अगदीच गेला असेल, तर ९० बाय १०० इंचांच्या दुहेरी चादरीच्या एका बाजूचा २० इंची पट्टा घ्यावा. त्यातून झडपेसह एक उशीचा अभ्रा निघतो आणि उरलेल्या तुकड्यात हात पुसण्याचे फडके.

जुन्या धोतराचे कापड चक्का बांधण्यास, डाळ-तांदूळ वाळवताना वर पसरण्यास, भाजी गुंडाळून ठेवण्यास उत्तम. पाणी गाळण्यास मात्र ते घेऊ नये. गाळणे ३६ अंगुळे लांब व २४ अंगुळे रुंद, घट्ट विणीचे आणि दुहेरी असावे, अशी परंपरा आहे. विरलेल्या धोतराची वीण धुण्याने मोकळी झालेली असते. त्यातून पाणी भरभर उतरते हाच त्याचा दोष. गाळण्यासाठी कापड नवे घ्यावे.

देण्याचाही प्रश्न आहे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण पेठेत दारापर्यंत येत असे; मोठ्या संकुलाच्या फाटकावर ती अडते. देणाऱ्यांनीही हात आखडता घ्यावा अशी वस्तुस्थिती आहे, कारण दान म्हणून पुष्कळदा जे दिले जाते ते पोतेऱ्याच्याही लायकीचे नसते. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली सुरू केलेल्या ‘गूंज’ संस्थेने जुन्या सुती कापडातून स्त्रियांसाठी पाळीच्या घड्या तयार केल्या. अशा कामाला कापड स्वच्छ धुतलेले, सुती आणि मऊ लागते. पांजरपोळात वासरांच्या थंडीसाठी जाड चादरी चालतात का, हे आधी विचारून घ्यावे.

उरते ती गोधडी, आणि मराठी घराने जुन्या कापडाचे याहून सुंदर काही केलेले नाही. वर-खाली नऊवारी लुगडे, मध्ये चादरींचे व धोतरांचे थर, चारी कोपऱ्यांना ओझे ठेवून ते ताणायचे आणि कडेकडून आत येत धावदोरा घालायचा. झिजलेले कापड थरात घातले की त्याचा मऊपणा हाच गुण ठरतो. जुन्या पद्धतीची पाच-सहा थरांची वाकळ मात्र आज जड जाते. ती धुलाईयंत्रात मावत नाही, आणि मारुंजी-हिंजवडी परिसरातील अनेक संकुलांत उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागत असताना बादल्या बादल्या पाणी तिच्यासाठी कुठून आणायचे? तीन थरांची, एका माणसाच्या मापाची शिवावी. ती घरच्या यंत्रात धुतली जाते, बाल्कनीतल्या उन्हात एका दिवसात वाळते, आणि वाळल्यामुळेच तिच्यात कसर होत नाही.

घरात शिवणारे हात नसतील, तर मुळशीच्या गावांतून गोधडी शिवून देणाऱ्या स्त्रिया चौकशी केल्यास भेटतात. येथे एक हिशेब मांडण्यासारखा आहे. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीत ओळींमध्ये एक इंचाचे अंतर आणि इंचाला तीन टाके धरले, तरी टाके सोळा हजारांवर जातात. दुकानात गिऱ्हाईकाला माप देताना बोटभरही कमी न देणारे घर इथे मात्र ‘कापड आमचे, दोरा आमचा’ म्हणून शे-दोनशे रुपयांवर घासाघीस करते. मजुरी दिवसांवर ठरवावी, कापड हाती देण्यापूर्वी सांगावी, आणि गोधडी घरी आली त्याच दिवशी चुकती करावी.