राइझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया : मुंबईतील एका फ्रीमेसन लॉजचा प्रवास

‘राइझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे फ्रीमेसन लॉज, म्हणजे फ्रीमेसन बंधुसंघाची स्थानिक शाखा, १५ डिसेंबर १८४३ रोजी मुंबईत स्थापन झाले. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या, म्हणजे तिथल्या शिखर संस्थेच्या, नोंदवहीत त्याचा क्रमांक ३४२. एतद्देशीयांना उघडपणे आणि हक्काने प्रवेश मिळावा, याच हेतूने काढलेले पश्चिम भारतातील हे पहिले लॉज होय. मुंबईच्या सामाजिक इतिहासात त्याला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही.

फ्रीमेसनरीचे मूळ युरोपातील दगडी बांधकाम करणाऱ्या गवंड्यांच्या संघांत शोधले जाते. गुण्या, कंपास, ओळंबा ही त्यांची हत्यारे; पुढे बांधकामाशी संबंध नसलेले लोक या संघांत आले, तेव्हा तीच सदाचाराची प्रतीके झाली. २४ जून १७१७ रोजी लंडनमधील चार लॉजेसनी एकत्र येऊन पहिले ग्रँड लॉज बनवले. १७२३ मध्ये जेम्स अँडरसन यांनी संपादित केलेली घटना प्रसिद्ध झाली. सदस्याने ईश्वर मानावा, मग त्याचा धर्म कोणताही असो, आणि लॉजमध्ये धर्म व राजकारण यांवर वाद घालू नये, अशी शिस्त पुढे सर्वत्र रूढ झाली. स्कॉटलंडचे ग्रँड लॉज १७३६ चे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांबरोबर ही चळवळ १७३० च्या सुमारास कलकत्त्यात आली. मद्रासेत ती १७५२ मध्ये आणि मुंबईत १७५८ मध्ये पोहोचली. त्या काळातील लॉज म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे बंद दार होते. अर्काटच्या नवाबाचे पुत्र उमदत-उल-उमरा यांना १७७० च्या दशकात दीक्षा मिळाली, पण तो राजघराण्याचा अपवाद होता. बंधुत्वाची शपथ घेणाऱ्यांना शेजारच्या रस्त्यावर राहणारा हिंदी माणूस बंधू म्हणून चालत नव्हता.

ही विसंगती चव्हाट्यावर आणली ती माणेकजी खुरशेदजी (१८०८–१८८७) या पारशी गृहस्थांनी. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते पहिले हिंदी सदस्य, आणि पुढे स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश. मुंबईतील युरोपीय लॉजने त्यांना घेतले नाही. इंग्लंडला गेल्यावर तिथेही जमले नाही. अखेर पॅरिसमधील एका लॉजमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. मायदेशी परतल्यावर, रीतसर मेसन असूनही, मुंबईतील लॉजचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. एखाद्याने हा अपमान गिळून विषय संपवला असता. माणेकजींनी तो संपू दिला नाही.

त्यांना साथ मिळाली डॉ. जेम्स बर्न्स यांची. कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या नात्यातले हे स्कॉटिश गृहस्थ कंपनीच्या मुंबई सैन्यात शल्यवैद्य होते. त्यांनी कच्छमध्ये नोकरी केली होती, आणि १८२७-२८ मध्ये सिंधच्या अमिराच्या उपचारासाठी ते सिंधला जाऊन आले होते. १८३६ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने त्यांना पश्चिम भारताचे प्रांतिक ग्रँड मास्टर नेमले. त्यांच्या प्रभावामुळे मुंबई परिसरातील बरेच मेसन इंग्लिश सनद सोडून स्कॉटिश सनदेखाली आले, आणि मुंबई हा स्कॉटिश फ्रीमेसनरीचा गड बनला. त्यांचे भाऊ अलेक्झांडर बर्न्स १८४१ मध्ये काबूलच्या उठावात मारले गेले. भावाच्या अशा मृत्यूनंतर अवघ्या दोन वर्षांनी इंग्रज राजवटीच्या एका अधिकाऱ्याने राइझिंग स्टार काढून हिंदी लोकांसाठी बंधुसंघाचे दार उघडावे, ही गोष्ट मोठ्या मनाची म्हटली पाहिजे. लॉजच्या स्थापनेच्या स्मरणार्थ प्रसिद्ध नाणेशिल्पी विल्यम वायन यांच्याकडून एक पदकही तयार करवले गेले.

सुरुवातीचे सदस्य मुख्यतः पारशी होते. मुसलमानही लवकरच आले. शपथ ज्याने त्याने आपल्या धर्मग्रंथावर घ्यायची, हा तोडगा कामी आला. लगोलग, १८४४ मध्ये, पुण्याच्या लष्कर भागात ‘सेंट अँड्र्यू इन द ईस्ट’ हे ३४३ क्रमांकाचे स्कॉटिश लॉज निघाले. हिंदूंचा प्रश्न मात्र बराच काळ रेंगाळला. अनेक देव मानणाऱ्याने एका विश्वनिर्मात्याची शपथ कशी घ्यायची, जातीचे निर्बंध पाळणारा माणूस सर्वांसोबत भोजनाला कसा बसेल, असे आक्षेप घेतले जात. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला; त्यांना दीक्षा मिळायला १८७२ उजाडले. मुंबईत त्याच दशकात ‘लॉज इस्लाम’ आणि हिंदूंचा पुढाकार असलेले ‘लॉज आर्यन’ निघाले. एका बाजूने हा विस्तार होता. पण राइझिंग स्टारने ज्या भिंतीला भगदाड पाडले, त्या भिंतीच्या आत पुन्हा जमातवार खोल्या उभ्या राहू लागल्या, हेही नोंदवले पाहिजे.

लॉजचे अंतर्गत कामकाज तीन पायऱ्यांवर चालते : एंटर्ड अॅप्रेंटिस, फेलोक्राफ्ट आणि मास्टर मेसन. वर्षाला नवा मास्टर निवडायचा, खजिनदाराने हिशेब मांडायचा, चिटणिसाने इतिवृत्त वाचायचे. दाराशी पहारा, आत विधी आणि बाहेर गुप्तता, यामुळे लोकांनी या इमारतींना ‘जादूघर’ म्हणायला सुरुवात केली. प्रत्यक्षात आत जे घडत होते त्यातले सर्वांत मोलाचे काम अगदी साधे होते. मतदान, ठराव, वर्गणी, हिशेब या सार्वजनिक संस्था चालवण्याच्या सवयी मुंबईकरांना तिथे लागत होत्या, आणि त्याही युरोपीय माणसाच्या बरोबरीच्या खुर्चीवर बसून. फिरोजशहा मेहता, लंडनमध्ये दादाभाई नौरोजी, आणि काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी हे तिघेही फ्रीमेसन होते. त्यामुळे काँग्रेस लॉजमधून जन्मली असे मुळीच ठरत नाही. सभा कशी चालवावी याची एक तालीम त्यांना तिथेही मिळाली होती, एवढे म्हणता येते.

राइझिंग स्टारचे सर्वांत नामांकित सदस्य म्हणजे खरशेदजी रुस्तमजी कामा (१८३१–१९०९). १८५५ मध्ये दादाभाईंबरोबर ते कामा कंपनीच्या कामासाठी इंग्लंडला गेले. पुढे त्यांनी युरोपातील पंडितांकडे अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाचा अभ्यास केला आणि मुंबईत परतून तो शास्त्रशुद्ध पद्धतीने शिकवला. स्त्रीशिक्षणाचे ते खंदे पुरस्कर्ते होते; क्रांतिकारक मादाम भिकाजी कामा या त्यांच्या सूनबाई. १९०४ मध्ये त्यांच्या मेसन-जीवनाचा सुवर्णमहोत्सव झाला. त्यानिमित्त जीवनजी जमशेदजी मोदी यांनी संपादित केलेला लेखसंग्रह १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. या लॉजचा इतिहास डी. एफ. वाडिया यांनी १९१२ मध्ये ग्रंथरूपाने लिहिला.

नागरी जीवनात मेसन मंडळींचे सर्वांत दिमाखदार दर्शन घडले ते नोव्हेंबर १८७५ मध्ये. इंग्लंडच्या ग्रँड लॉजचे ग्रँड मास्टर असलेले प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आले आणि त्यांनी प्रिन्सेस डॉकची कोनशिला मेसन विधीने बसवली.

सेवाकार्याची पद्धत मात्र याच्या नेमकी उलट, गाजावाजा टाळणारी. बंधुप्रेम, साहाय्य आणि सत्य ही मेसनांची तीन तत्त्वे. त्यातल्या साहाय्यासाठी सभेत दानाची थैली फिरते. आल्मनर नावाचा पदाधिकारी आजारी सदस्य, दिवंगतांच्या विधवा आणि मुले यांची चौकशी करतो, त्यांना मदत पोहोचवतो. लंडनमध्ये १७८८ मध्येच बार्थोलोम्यू रुस्पिनी यांनी मेसनांच्या मुलींसाठी शाळा काढली होती. मुंबईत माणेकजींनी १८६३ मध्ये ‘अलेक्झांड्रा’ ही हिंदी मुलींची इंग्रजी शाळा सुरू केली. ही शाळा लॉजची नव्हे, माणेकजींची. तरीही ज्या जिद्दीने त्यांनी लॉजचे दार ठोठावले, तीच जिद्द मुलींसाठी वर्गाचे दार उघडताना दिसते. आपल्या घरच्या मुलींना इंग्रजी शिकवून त्यांनी आधी स्वतःपासून सुरुवात केली होती.

स्त्रियांना खुद्द लॉजमध्ये स्थान नव्हते. ती उणीव स्त्रीपुरुषांना एकत्र घेणाऱ्या ‘को-मेसनरी’ने काही अंशी भरली. अॅनी बेझंट यांनी १९०२ मध्ये तिची दीक्षा घेऊन ती भारतात रुजवली. पारंपरिक ग्रँड लॉजेसनी तिला मान्यता दिली नाही.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ स्थापन झाले. रामपूरचे नवाब रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर झाले. अनेक लॉजेस या नव्या छत्राखाली आली. काहींनी इंग्लंड, आयर्लंड वा स्कॉटलंडच्या जुन्या सनदा कायम ठेवल्या. भारतीय लॉजच्या वेदीवर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरू ग्रंथसाहिब असे अनेक धर्मग्रंथ एकत्र ठेवले जातात. माणेकजी खुरशेदजींनी ज्या हक्कासाठी पॅरिसपर्यंत पायपीट केली, तो हक्क इथे नियम बनला आहे.

स्वातंत्र्यानंतर मदतीचा परीघ सदस्यांच्या कुटुंबांबाहेर विस्तारला. दिल्लीच्या जनपथवरील मेसॉनिक पॉलिक्लिनिक, वसंत कुंजमधील मेसॉनिक पब्लिक स्कूल आणि कोइम्बतूरचे मुलांसाठीचे मेसॉनिक वैद्यकीय केंद्र ही त्याची ठळक उदाहरणे. मुंबईतील मेसनांचे केंद्र फोर्टमधील फ्रीमेसन्स हॉल हेच आहे, आणि पश्चिम विभागाच्या प्रादेशिक ग्रँड लॉजचा कारभारही मुंबईतूनच चालतो.