धूसर नगरदृश्य, तैलरंगातील

धुके, धूर, धूळ किंवा दमट हवा यांनी व्यापलेल्या शहरातील वर्दळीच्या रस्त्याचे तैलरंगांत केलेले चित्रण. या प्रकारात वातावरण हा चित्राचा एक प्रमुख घटक असतो. तथापि चित्र पूर्ण झाल्यावर त्यावर करड्या रंगाचा हात फिरवून धूसरता साधत नाही. प्रत्येक अंतरावरील छायाभेद प्रारंभापासूनच योग्य प्रमाणात मांडावे लागतात.

हवेतील कणांमुळे प्रकाशाचे प्रकीर्णन होते व हा विखुरलेला प्रकाश वस्तू आणि पाहणारा यांच्यामध्ये पडद्यासारखा येतो. त्यामुळे अंतर वाढेल तसे गडद भाग फिकट होत जातात, छायाप्रकाशांतील विरोध कमी होतो आणि कडा मृदू दिसतात. या परिणामास वातावरणीय यथादर्शन म्हणतात. लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) याने आपल्या टिपणांत त्याचे विवेचन केले आहे. अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून दूरचे डोंगर निळसर दिसतात. धुक्यातील जलबिंदू सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून धुके पांढुरके दिसते. साहजिकच मुंबईच्या दमट हवेतील रस्ता आणि भंडारा-नागपूर भागातील, उन्हाळ्यात धुळीने पिवळसर तपकिरी झालेला रस्ता या दोहोंना एकच करडा रंग चालत नाही.

जवसाच्या तेलात घोटलेले रंग हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन सावकाश वाळतात. त्यामुळे ओल्या रंगात ओला रंग मिसळून कडा विरघळविता येतात. सामान्यतः आकाश व सर्वांत दूरची इमारत यांच्या छटा प्रथम निश्चित करून त्यांच्या तुलनेने मधला व पुढचा भाग रंगवितात. सर्वांत गडद रंग आणि ठळक कडा अग्रभागासाठी राखून ठेवतात. वाळलेल्या गडद थरावर फिकट अपारदर्शक रंग विरळपणे फिरविल्यास निळसर, धुरकट छटा मिळते. खालच्या थरांत तेलाचे प्रमाण कमी व वरच्या थरांत अधिक ठेवतात. अन्यथा कालांतराने चित्रपृष्ठास भेगा पडण्याचा संभव असतो.

गर्दीचे चित्रण हा यातील अवघड भाग होय. फ्रेंच दृक्प्रत्ययवादी चित्रकार क्लोद मॉने (१८४०–१९२६) याने पॅरिसमधील 'बुलेव्हार दे काप्यूसीन' (१८७३-७४) या चित्रात पादचारी केवळ गडद फटकाऱ्यांनी दर्शविले. १८७४ च्या प्रदर्शनात समीक्षक ल्वी लरॉय याने त्यांची थट्टा केली. कामीय पीसारो (१८३०–१९०३) याने १८९७ मध्ये हॉटेलच्या खिडकीतून 'बुलेव्हार माँमार्त्र' या रस्त्याची वेगवेगळ्या हवामानांतील व प्रहरांतील चित्रे रंगविली. उंचावरून पाहिल्याने त्यांत गर्दीचा एकसंध प्रवाह दिसतो. व्यक्ती मात्र त्यात हरवते.

महाराष्ट्रात नागपूरच्या चित्रशाळेत शिकलेल्या सैयद हैदर रझा (१९२२–२०१६) यांनी १९४० नंतरच्या दशकात मुंबईचे रस्ते मुख्यतः जलरंगांत चितारले; त्यांत वातावरणावर भर आहे. पुढील पिढीतील गीव्ह पटेल (१९४०–२०२३) व सुधीर पटवर्धन (१९४९– ) या दोघांनीही वैद्यकीय व्यवसाय सांभाळून चित्रनिर्मिती केली. त्यांनी दृष्टी रस्त्याच्या पातळीवर आणली. पटेल यांच्या 'टू मेन विथ हँडकार्ट' (१९७९) या तैलचित्रात हातगाडीवाले हाच मुख्य विषय आहे, तर पटवर्धन यांनी मुंबई-ठाणे परिसरातील श्रमिकांना शहराच्या पार्श्वभूमीवर ठळक शरीराकार दिले. यावरून धूसरता हा केवळ तंत्राचा प्रश्न नाही, हे स्पष्ट होते. तिचे प्रमाण ठरविताना रस्त्यावरील माणूस कितपत ओळखू यावा, हेही चित्रकाराला ठरवावे लागते.