हातच्याविना गुंफलेला हार

१२३४५६५४३२१ ही संख्या डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, तीच राहते; अशा संख्येला विलोम संख्या म्हणतात आणि 'चिमा काय कामाची' या वाक्यात अक्षरांची जी गंमत आहे तीच येथे अंकांची आहे. इ. स. ८५० च्या सुमारास जैन गणिती महावीराचार्य यांनी 'गणितसारसंग्रह' या संस्कृत ग्रंथात, एकापासून सहापर्यंत चढत जाऊन क्रमाने उतरणारी, अशा अर्थाच्या शब्दांत तिचे वर्णन केले, आणि अशा सममित गुणाकारांना गळ्यातील हाराची उपमा दिली. त्यांनी ग्रंथारंभी ज्याचा गौरव केला तो राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष 'लट्टलूरपुरवराधीश्वर' हे बिरुद मिरवीत असे, आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे इतिहासकार सामान्यतः मानतात. त्यामुळे लातूरच्या शेजारी असलेल्या अंबाजोगाईच्या वाचकाला हा ग्रंथ परका वाटण्याचे कारण नाही.

या संख्येचे मर्म सहा एककांच्या ११११११ या संख्येच्या वर्गात आहे. ११११११ ला त्याच संख्येने गुणताना सहा ओळी मांडाव्या लागतात आणि प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते. त्यामुळे एककाच्या स्तंभात एक १ येतो, दशकाच्या स्तंभात दोन, असे करत मधल्या स्तंभात सहा १ जमतात आणि पुढे ते पुन्हा एकेकाने कमी होतात. कोणत्याही स्तंभाची बेरीज दहापर्यंत पोहोचत नाही, म्हणून हातचा येत नाही, आणि हातचा नाही म्हणूनच सममिती अभंग राहते. अंकांची बेरीज ३६ भरते तीही यामुळेच, कारण मांडणीतील छत्तीस एकांपैकी एकही एक हरवत नाही.

महावीराचार्यांनी मात्र हा वर्ग सरळ न देता २७९९४६८१ गुणिले ४४१ असा गुणाकार दिला. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे ११११११. उदाहरणाची ही बांधणी योगायोगाने झाली असे मानणे कठीण आहे.

विसाव्या शतकात देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी याच कुळातील संख्यांचा अभ्यास करून त्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिले. नऊ एककांच्या वर्गापर्यंत, म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१ पर्यंत, हा हार टिकतो. दहाव्या एककाला मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ ही संख्या विलोम राहत नाही.

अंबाजोगाईतील गणिताच्या शिक्षकांनी २७९९४६८१ गुणिले ४४१ हे उदाहरण महावीराचार्यांच्या नावानिशी एकदा फळ्यावर मांडावे.