नापासाची उत्तरपत्रिका कोण वाचतं?

निकाल मोबाइलच्या पडद्यावर लागतो. रोल नंबर टाकायचा, नोंदणी क्रमांक टाकायचा, संकेतस्थळ अडखळतं, पुन्हा टाकायचा. मग एक छोटा तक्ता उघडतो. विषय, त्यापुढे आकडे आणि खाली गटाचा निकाल. सीएच्या अंतिम परीक्षेला तिसऱ्यांदा किंवा पाचव्यांदा बसलेल्या मुलाला तो तक्ता वाचायला दोन सेकंदही लागत नाहीत. नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते आणि मोबाइल पालथा ठेवला जातो. स्वयंपाकघरातून 'लागला का रे निकाल?' असं कुणी विचारत नाही. खोलीतल्या शांततेवरून कळलेलं असतं.

पुढचे आठ-दहा दिवस कसे जाणार, हेही घरात सगळ्यांना पाठ झालेलं असतं. आत्याचा फोन येतो. मित्र 'अपयश ही यशाची पहिली पायरी' असे संदेश धाडतात. कुणीतरी आठ वेळा नापास होऊन नवव्यांदा पास झालेल्या ओळखीच्या माणसाची गोष्ट सांगतं. या सगळ्या धीर देण्यात त्या तक्त्यातल्या आकड्यांकडे मात्र पुन्हा कुणी बघत नाही. तो मुलगाही नाही.

अपयशातून माणूस शिकतो, हे आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते तपासून बघावं असं कुणाला वाटत नाही. लॉरेन एस्क्रिस-विंकलर आणि आयलेट फिशबाख या दोन मानसशास्त्रज्ञांनी ते तपासलं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांची मांडणी साधी होती. लोकांना प्रश्न दिले, प्रत्येकाला उत्तराचे दोनच पर्याय. काहींना 'तुमचं उत्तर बरोबर' एवढंच सांगितलं, काहींना 'तुमचं उत्तर चूक' एवढंच. पर्याय दोनच असल्यामुळे 'चूक' म्हटलं की बरोबर उत्तर कोणतं ते आपोआप कळतं. म्हणजे माहिती दोघांना सारखीच मिळाली. तरी नंतरच्या चाचणीत 'चूक' ऐकलेले लोक कमी शिकलेले आढळले. आपण कोणता पर्याय निवडला होता, हेही त्यांना कमी आठवत होतं. अपयश मनाला लागतं आणि मन तिथून लक्ष काढून घेतं. गंमत अशी, की दुसऱ्याच्या चुका दाखवल्या तेव्हा त्यातून लोक व्यवस्थित शिकले. याच विषयावरच्या 2024 च्या अभ्यासात असंही दिसलं, की परिचारिका, वकील, शिक्षक यांच्या पात्रता परीक्षेत नापास झालेल्यांपैकी किती जण पुढे पास होतात, याचा अंदाज लोक प्रत्यक्षापेक्षा जास्त बांधतात.

नापास झाल्याने माणूस आपोआप शहाणा होत नाही, हे ऐकायला कठोर वाटेल. पण पाचव्या प्रयत्नाला बसणाऱ्यासाठी यात एक दिलासाही आहे. चार वेळा त्याच ठिकाणी अडकणं म्हणजे बुद्धी कमी असणं नव्हे. बहुतेक माणसांचं मन याच रीतीने वागतं.

एकाच शब्दाखाली वेगवेगळी दुखणी

सीएच्या परीक्षेत हे जास्तच खरं ठरतं, कारण तिचे नियम विचित्र कोंडीत पकडणारे आहेत. प्रत्येक विषयात किमान 40 टक्के आणि गटाच्या बेरजेत 50 टक्के, दोन्ही एकाच वेळी हवेत. नव्या अभ्यासक्रमात अंतिम परीक्षेचे दोन गट आहेत, प्रत्येकात तीन विषय, म्हणजे 300 गुण. आता समजा, एकीला मिळाले 60, 55 आणि 38. बेरीज 153, पण एका विषयात दोन गुण कमी. दुसऱ्याला मिळाले 52, 47 आणि 46. तिन्ही विषयांत 40 च्या वर, पण बेरीज 145. दोघांच्याही तक्त्यात शेवटी एकच शब्द आहे. मात्र दुखणी अगदी वेगळी आहेत. पहिलीचं एका विषयात अडलंय आणि 60 गुणांमुळे त्या विषयात पुढच्या तीन प्रयत्नांसाठी सूटही मिळते. दुसऱ्याला सगळं थोडं थोडं येतं, पण कशावरच पकड नाही, किंवा येत असूनही तीन तासांत कागदावर उतरत नाही. 'आता अजून जोर लावून अभ्यास कर' हा सल्ला दोघांनाही सारखाच निरुपयोगी आहे.

या परीक्षा घेणारी इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया ही संस्था निकालानंतर ठरावीक मुदतीत अर्ज केल्यास तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत देते. प्रश्नपत्रिकांची सुचवलेली उत्तरंही प्रसिद्ध करते. आपली उत्तरपत्रिका आणि ती उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बसणं हे निकालानंतरच्या महिन्यातलं सगळ्यात उपयोगाचं काम, आणि सगळ्यात नकोसंही. त्यावर वरच्या प्रयोगातूनच एक युक्ती निघते. दुसऱ्याच्या चुकांतून शिकणं सोपं जातं, तर नापास झालेल्या दोन मित्रांनी एकमेकांच्या उत्तरपत्रिका तपासाव्यात. कलम बरोबर पण निष्कर्षच लिहिला नाही, पंधरा गुणांचा प्रश्न शेवटच्या सात मिनिटांत उरकला, लेखापरीक्षणाच्या उत्तरात मानकाचा उल्लेखच नाही, हे परक्या डोळ्यांना पटकन दिसतं आणि त्यात कुणाचा अपमानही होत नाही.

'मला जमणारच नाही'

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर यांनी यशापयशाची कारणं माणूस कुठे शोधतो, याचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत प्रश्न तीन: कारण माझ्यात आहे की बाहेर, ते टिकाऊ आहे की बदलणारं, आणि ते माझ्या ताब्यातलं आहे का? 'मी मुळातच ढ' हे कारण आतलं, कायमचं आणि ताब्याबाहेरचं. ते एकदा मनात बसलं की पुस्तक उघडायला हात उचलत नाही. 'चेकिंग कडक होतं' या कारणाने जिवाला आराम पडतो, पण पुढच्या वेळी काय करायचं ते त्यातून कळत नाही. 'मी वेळ लावून एकही पूर्ण पेपर सोडवला नव्हता' हे कारण बोचतं, पण ते बदलता येतं.

बाहेरच्या कारणांत तथ्य नसतं असं नाही. नोव्हेंबर 2023 च्या अंतिम परीक्षेत दोन्ही गट एकत्र देणाऱ्यांचा निकाल 9.42 टक्के होता. पुढच्याच, मे 2024 च्या परीक्षेत तो 19.88 टक्क्यांवर गेला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये 13.44 टक्क्यांवर आला. वर्षभरात मुलांची बुद्धी दुप्पट होऊन पुन्हा घटली, असं कुणी म्हणणार नाही. 145 आणि 150 यांच्यामध्ये नशिबालाही थोडी जागा असते. हे आकडे घरातल्या वडीलधाऱ्यांनीही एकदा नजरेखालून घालावेत. शंभरातले ऐंशी-नव्वद जिथे मागे राहतात, तिथे मागे राहिलेल्याला आळशी ठरवणं हिशेबालाही धरून नाही.

मग एका टप्प्यावर मुलं नुसती बसून का राहतात? टेबलावर पुस्तक उघडं, हातात मोबाइल, आणि दुपार सरलेली. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 मध्ये केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. काहीही केलं तरी विजेचा धक्का चुकत नाही, असा अनुभव आलेल्या कुत्र्यांनी पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही धडपड केली नाही. हतबलता शिकली जाते, असा त्याचा अर्थ तेव्हा लावला गेला. जवळजवळ 50 वर्षांनी, 2016 मध्ये, याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलंच म्हणणं उलटं केलं, आणि आपलाच सिद्धांत असा मोडणारे शास्त्रज्ञ विरळाच. त्यांचं नवं म्हणणं असं, की दीर्घ त्रासानंतर गप्प पडून राहणं ही मेंदूची मुळातलीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काही आहे' हे. ती जाणीव झाली की कपाळामागचा मेंदूचा भाग खोल आतल्या त्या प्रतिक्रियेला आवर घालतो.

प्रेरणेसाठी भाषणं ऐकत बसलेल्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. आधी उमेद येईल आणि मग अभ्यास होईल, या वाटेकडे डोळे लावून आठवडे निघून जातात. गोष्ट बहुधा उलट घडते. केलेल्या कामाचा परिणाम डोळ्यांना दिसला की उमेद मागून येते. म्हणून पहिल्या पंधरवड्याचं उद्दिष्ट 'पास होणं' हे नसावं, ते फार लांब आहे. अप्रत्यक्ष करातलं एकच प्रकरण घ्यावं, पुस्तक न उघडता त्यावरचे दहा प्रश्न सोडवावेत, तपासावेत आणि तीन दिवसांनी तेच पुन्हा. चारचे सात झाले, हा आकडा मेंदूला जे सांगतो ते कोणताही व्हिडिओ सांगू शकत नाही.

ओळखीचं म्हणजे येणारं नव्हे

पुन्हा परीक्षेला बसणाऱ्याचा एक खास शत्रू असतो, तो पहिल्यांदा बसणाऱ्याला नसतो. पुस्तक ओळखीचं झालेलं असतं. पान उघडलं की पिवळ्या, हिरव्या रेघा दिसतात, वाक्य कुठे संपणार ते आधीच माहीत असतं आणि 'हे झालंय' म्हणून पान उलटलं जातं. तीन उजळण्या होतात, परीक्षेत मात्र आठवत नाही.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये हा सापळा मोजून दाखवला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र पालटलं. वाचणाऱ्यांना 40 टक्केच आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना 61. आणि आपल्याला पुढे जास्त लक्षात राहील असा विश्वास कुणाला होता? वाचणाऱ्यांना. अभ्यासिकेत बारा तास बसून समाधानाने घरी जाणारी कितीतरी मुलं या 83 टक्क्यांच्या भ्रमात असतात. आठवून लिहिणं कष्टाचं आणि मन खट्टू करणारं असतं, कारण काय येत नाही ते लगेच उघडं पडतं. आधीच चार वेळा खट्टू झालेला माणूस ते टाळतो आणि पुन्हा रेघा मारत बसतो. मेहनत कमी पडली असं त्याला प्रामाणिकपणे वाटत नाही, आणि ती पडलेलीही नसते. पुढच्या निकालानंतर 'एवढं करूनही' हे शब्द तोंडून निघतात ते यामुळेच.

स्वतःला टाकून बोलल्याने अभ्यास वाढतो, हाही असाच एक समज. ज्युलियाना ब्राइनस आणि सेरेना चेन यांच्या 2012 च्या अभ्यासात अवघड चाचणीत पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना स्वतःकडे समजुतीने बघायला सांगितलं होतं. पुढच्या चाचणीसाठी त्यांनीच अभ्यासाला जास्त वेळ दिला. झोपेबद्दल तर नव्याने सांगायला नको. दिवसा वाचलेलं रात्रीच्या झोपेत पक्कं होतं, तरीही परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्याची परंपरा काही सुटत नाही.

खिन्नता आणि आजार यांतली सीमा मात्र घरच्यांना ओळखता आली पाहिजे. निकालानंतर आठवडाभर जेवण न जाणं, कुणाशी न बोलणं समजण्यासारखं आहे. पण दोन आठवडे उलटूनही जवळजवळ रोज उदास वाटणं, कशातच रस न वाटणं, झोप-भूक बिघडलेली असणं, 'मी तुमच्यावर ओझं आहे' अशी भाषा, हे डॉक्टरांकडे नेण्याचं कारण आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले तर दोन आठवडे थांबायचंच नाही. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आणि थांबण्याचं काय? हा प्रश्न सीएच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारत नाही. अंतिम परीक्षेला यूपीएससीसारखी प्रयत्नांची ठरावीक संख्या नाही, त्यामुळे निर्णय स्वतःलाच घ्यावा लागतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कार्स्टन रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवलं, की हाती न लागणारं उद्दिष्ट सोडून दुसऱ्याला भिडू शकणाऱ्यांचं मनःस्वास्थ्य अधिक चांगलं असतं. यात 'दुसऱ्याला भिडणं' महत्त्वाचं, नुसतं सोडणं नव्हे. निकालाच्या आठवड्यात हा निर्णय घेऊ नये, आणि प्रयत्न किती झाले त्यावरूनही घेऊ नये. अभ्यासाची पद्धत खरोखर बदलून बघितली का आणि ती बदलल्यावर गुण हलले का, हे दोन प्रश्न त्याहून कामाचे. गुण 118 वरून 131 आणि 131 वरून 144 झाले असतील, तर ती वेगळी गोष्ट. पद्धत बदलूनही ते 120 च्या आसपासच घुटमळत असतील, तर वेगळी.

या दोन टोकांच्या मधलीही एक वाट आहे आणि ती बरेच जण धरतात. नोकरीच्या जाहिरातींत 'सीए इंटर' ही पात्रता स्वतंत्रपणे मागितली जाते, आर्टिकलशिपच्या अनुभवाला किंमत असते. असा एखादा पगार हाती धरून, राहिलेला एकच गट घेऊन पहाटे दोन तास बसणाऱ्याला वेळ कमी मिळतो हे खरं. पण महिनाअखेरीला खात्यात जमा होणारी रक्कमही त्याला दर महिन्याला सांगत असते, की आपण केलेल्या कामाचं काहीतरी होतं.