कादंबरीकारांचे मान आणि मराठीवरचे देणे

१९६२ साली रणजित देसाई यांची ‘स्वामी’ आली आणि दुसऱ्याच वर्षी भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’. दोन्ही पुस्तके रा. ज. देशमुखांनीच काढली. ‘स्वामी’ला १९६४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९७३ साली देसाई पद्मश्री झाले. ‘कोसला’ला अकादमी कधीच मिळाली नाही. नेमाड्यांना ती १९९१ साली मिळाली, तीही ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथासाठी. पद्मश्रीला २०११ उजाडले आणि ज्ञानपीठ आले ते २०१४ सालचे. ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर तोवर पन्नाशी ओलांडून गेला होता आणि त्याला कोणाच्या शिफारशीची गरज उरली नव्हती.

‘स्वामी’चा मान अनाठायी होता, असे म्हणायचे नाही. माधवराव-रमाबाईंच्या त्या कथेने एका पिढीला वाचनाची गोडी लावली. ऐतिहासिक कादंबरीला हळवे, घरगुती बोलणे तिने दिले. पण मराठी कादंबरीने पुढे जी वाट धरली, ती ‘कोसला’ने पाडलेली आहे. पुरस्कार देणाऱ्यांना ही वाट त्या वेळी दिसली नाही. आपल्याकडच्या बहुतेक सन्मानांची गोष्ट अशीच आहे. ज्यांना मान मिळाला ते नालायक होते, असे क्वचितच घडले. अन्याय झाला तो यादीबाहेर राहिलेल्यांवर.

वि. स. खांडेकरांचेच पाहू. ‘ययाति’ १९५९ साली आली, १९६० साली तिला अकादमी मिळाली, १९६८ साली खांडेकरांना पद्मभूषण आणि १९७४ साली मराठीतले पहिले ज्ञानपीठ. आज ‘ययाति’ वाचताना सुभाषितवजा वाक्यांची दाटी जाणवते, पात्रे बोलण्याऐवजी प्रवचन करू लागतात. कादंबरी म्हणून ती मला पहिल्या रांगेतली वाटत नाही. तरीही खांडेकरांचे ज्ञानपीठ मला रास्तच वाटते. गुजराती आणि तमिळ वाचकांनी त्यांना आपल्या घरचा लेखक मानले होते. मराठी कादंबरी एवढ्या दूरवर दुसऱ्या कोणी तोवर नेली नव्हती. एका पुस्तकाचा पुरस्कार वेगळा आणि आयुष्यभराच्या कामाचा सन्मान वेगळा; दोघांचे माप एकच धरले की वाद विनाकारण वाढतात.

पण मग उद्धव शेळके यांच्या ‘धग’चे काय? ‘ययाति’च्या पाठोपाठ, १९६० साली ती आली. वऱ्हाडी बोलीत बोलणारी, संसाराचा गाडा एकटीने ओढणारी कौतिक मराठी कादंबरीतल्या सर्वांत जिवंत स्त्रियांपैकी आहे. दारिद्र्याचे कुठेही प्रदर्शन न मांडता इतके निष्ठुर आणि इतके मायाळू लेखन त्याआधी फार थोड्यांनी केले होते. अकादमीने ‘धग’ निवडली नाही. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’वर १९६५ नंतर अश्लीलतेचे वादळ उठले, आचार्य अत्र्यांनी तिच्यावर आग ओकली. मुंबईच्या नाक्यावरची भाषा साहित्यात आणणाऱ्या या लेखकालाही अकादमीने कधी जवळ केले नाही. शेळक्यांची बोली, पाध्यांची भाषा परीक्षकांच्या कानांना परकी होती. हे अपयश त्या कानांचे.

अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, हे सांगताना आजही अभिमान वाटतो. त्या कादंबरीला प्रस्तावना खांडेकरांची होती. पण १९६९ साली अण्णाभाऊ गेले ते हलाखीतच. टपाल तिकीट निघाले २००२ साली. त्यांच्या नावाने भारतरत्नाची मागणी होते, ती करणाऱ्यांची तळमळ मला समजते. पण ज्या लेखकाला जिवंतपणी पोटापुरते मानधन मिळत नाही, त्याच्या मरणानंतरच्या गौरवाने ते देणे फिटत नाही. फिटणारही नाही.

आणि स्त्रिया? १९५५पासून विसावे शतक संपेपर्यंत खांडेकर, श्री. ना. पेंडसे, देसाई, व्यंकटेश माडगूळकर, विश्वास पाटील, रंगनाथ पठारे अशी कादंबरीकारांची नावे अकादमीच्या मराठी यादीत येतात. इरावती कर्वे, दुर्गा भागवत, गोदावरी परुळेकर, इंदिरा संत याही आहेत, मात्र त्यांची पुस्तके कादंबऱ्या नव्हेत. कादंबरीसाठी मान मिळालेली स्त्री त्या साऱ्या काळात एकही नाही. आशा बगे यांच्या ‘भूमी’ला तो २००६ साली मिळाला. विभावरी शिरूरकर, कमल देसाई, गौरी देशपांडे या नावांसमोरची कोरी जागा कुठल्याही समर्थनाने भरून निघत नाही.

विलंब आणि दुर्लक्ष हे परीक्षकांचे दोष. सरकारचा दोष याहून वाईट आहे. अंतुले मुख्यमंत्री असताना विनय हर्डीकर यांच्या आणीबाणीवरच्या ‘जनांचा प्रवाहो चालिला’चा जाहीर झालेला पुरस्कार शासनाने मागे घेतला. २०२२च्या डिसेंबरात तेच पुन्हा घडले. कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला ६ तारखेला पुरस्कार जाहीर झाला आणि १२ तारखेला शासन निर्णय काढून तो रद्द झाला, निवड समितीही बरखास्त करण्यात आली. निषेध म्हणून ‘भुरा’चे लेखक शरद बाविस्कर यांनी, तसेच आनंद करंदीकर यांनी आपले पुरस्कार नाकारले; साहित्य व संस्कृतीशी संबंधित सरकारी मंडळांवरच्या काही लेखकांनी राजीनामे दिले. ही पुस्तके कादंबऱ्या नाहीत, पण त्याच शासनाच्या पुरस्कार योजनेत कादंबऱ्याही असतात. मंत्रालयाला नंतर पुसता येणारी निवड कादंबरीकाराच्या तरी काय कामाची?

म्हणून ‘त्यांना मिळाला तो योग्य होता का’ या चर्चेत दिवाळी अंकांची पाने खर्चण्याऐवजी दोन गोष्टी मागून घ्याव्यात. समितीचा निर्णय झाला की शासनाला त्यात हात घालता येणार नाही, असा नियम हवा. आणि मानपत्रातल्या चार विशेषणांऐवजी परीक्षकांनी सही करून लिहिलेले टिपण हवे: हे पुस्तक का निवडले, शेवटच्या फेरीतली बाकीची का बाजूला ठेवली, कोणाचा विरोध होता. १९६० नंतर असे टिपण लिहावे लागले असते, तर ‘धग’बद्दल कोणाला तरी चार ओळी लिहाव्याच लागल्या असत्या.