तिसऱ्याचा हिशेब

2009-10च्या एनबीए बास्केटबॉल मोसमात क्लीव्हलँडचा लेब्रॉन जेम्स सामन्यामागे 29.7 गुण करत होता, मायामीचा ड्वेन वेड 26.6 आणि टोरांटोचा ख्रिस बॉश 24.0. तिघांची बेरीज ऐंशीच्या वर. जुलै 2010मध्ये हे तिघे मायामी हीट या एकाच संघात आले. त्या संघाची पुढच्या मोसमातली सरासरी होती 102. तिघांनी आपापली जुनी खाती तशीच चालू ठेवली असती, तर उरलेल्या सगळ्या संघाला मिळून बावीसएक गुण उरले असते.

स्वागत सोहळ्यात धूर, दिवे, व्यासपीठ सगळं होतं आणि आपण किती विजेतेपदं मिळवणार हे लेब्रॉन बोटांवर मोजत होता. प्रत्यक्षात 26 ऑक्टोबरला बोस्टनमध्ये पहिलाच सामना ते 80-88 असा हरले. लेब्रॉनने 31 गुण केले, पण आठ वेळा चेंडू गमावला. वेडचे सोळापैकी चारच फटके बास्केटमध्ये गेले. सतरा सामन्यांनंतर संघ 9 विजय, 8 पराभव अशा अवस्थेत होता.

अडचण स्वार्थाची होती असं तेव्हा सर्रास म्हटलं गेलं. मला ते पटत नाही. एकमेकांना पास देण्यात लेब्रॉन आणि वेड या दोघांनी कंजुषी कधीच केली नाही. उलट, पाहताना वाटायचं की ते जरा जास्तच शिष्टाचार पाळतायत: आता तू, मग मी. क्रिकेटमध्ये फलंदाजीचा क्रम ठरलेला असतो, दोघे दिग्गज आपापल्या वेळी येऊन खेळून जातात. इथे 24 सेकंदांत फटका मारावाच लागतो आणि त्या वेळात पाचही जण मैदानावर असतात. एकजण ड्रिबल करत बचाव फोडत असताना दुसऱ्याने नुसतं उभं राहायचं का? उभाच राहिला, तर त्याला अडवणारा बचावपटू त्याला सोडून चेंडूकडे सरकतो. वेड आणि लेब्रॉन दोघेही बास्केटवर चाल करून जाणारे. लांबून मारलेल्या तीन गुणांच्या फटक्याची दोघांचीही त्या काळी फारशी धास्ती नव्हती. म्हणजे चेंडू नसलेला महान खेळाडू आपल्याच जोडीदाराची वाट अडवत होता.

तरीही संघ 2011च्या अंतिम फेरीत पोहोचला. तिथे डॅलसने नेमकं हेच हेरलं. चौथ्या सामन्यात लेब्रॉनने अवघे आठ गुण केले आणि हीट मालिका 4-2ने हरले.

त्यानंतर पहिली तडजोड केली वेडने. मायामी हा त्याचा संघ. 2006चं विजेतेपद त्यानेच मिळवून दिलेलं, त्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. पुढाकार आता तू घे, असं त्याने स्वतः लेब्रॉनला सांगितलं आणि चेंडू नसताना बचावपटूच्या पाठीमागून बास्केटकडे घुसण्यावर भर दिला. लेब्रॉनने त्याच उन्हाळ्यात माजी दिग्गज हकीम ओलाजुवॉनकडे जाऊन बास्केटला पाठ करून खेळण्याचे धडे घेतले. त्यामुळे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

पण खरी किंमत मोजली ती बॉशने, आणि ती पहिल्या दिवसापासून. पहिल्या मोसमात तिघांची बेरीज ऐंशीवरून एकाहत्तरवर आली. या घटीत लेब्रॉनचे तीन गुण होते, वेडचा जेमतेम एक आणि बॉशचे पाचाहून जास्त. टोरांटोत सगळे डाव त्याच्यासाठी आखले जायचे: जराशी जागा मिळाली की चेंडू घ्यायचा, समोरच्याला हुलकावणी द्यायची आणि मग ठरवायचं. मायामीत तो पासची वाट पाहत थांबू लागला. कधी पास यायचा, कधी नाही. ‘मोठे तीन’ म्हणजे खरे अडीच, अशी टिंगल झाली.

2012च्या प्लेऑफमध्ये इंडियानाविरुद्ध पोटाचा स्नायू दुखावून बॉश बाहेर बसला, तेव्हा प्रशिक्षक एरिक स्पोल्स्ट्रा यांना उंची सोडून चपळ पाचजण उतरवावे लागले. मैदान मोकळं झालं. बॉश परतल्यावर त्याला त्यांनी याच रचनेत सेंटर म्हणून बसवलं. एरवी सेंटर बास्केटखाली ठाण मांडतो. बॉश बाहेर जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे प्रतिस्पर्ध्यांचा सर्वांत उंच बचावपटूही बाहेर ओढला गेला आणि लेब्रॉन-वेडसाठी आतली वाट रिकामी झाली. बोस्टनविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात बॉशने राखीव म्हणून येऊन 19 गुण केले, तेही तीन गुणांच्या चारपैकी तीन फटक्यांसह. पुढे ओक्लाहोमा सिटीला 4-1 हरवून हीट विजेते झाले. मायामीतल्या पहिल्या मोसमात बॉशने तीन गुणांचे अवघे सहा फटके यशस्वी केले होते, 2013-14मध्ये 74. पंचविशी ओलांडलेल्या, नावारूपाला आलेल्या माणसाने मधल्या काळात आपली मांडणीच बदलली होती.

एरवी लक्षात राहतो तो हीटच्याच रे ॲलनचा फटका. 2013च्या अंतिम फेरीतला सहावा सामना, प्रतिस्पर्धी स्पर्स तीन गुणांनी पुढे, लेब्रॉनचा फटका हुकलेला. रिंगवरून आलेला चेंडू गर्दीतून उचलला बॉशने, आणि स्वतः फटका मारायचा विचारही न करता मागे सरकणाऱ्या ॲलनकडे दिला. 5.2 सेकंद उरली असताना बरोबरी झाली, जादा वेळेत हीट जिंकले. दोनच दिवसांनी सातव्या सामन्यात लेब्रॉनने 37 गुण केले आणि सलग दुसरं विजेतेपद आलं. त्या रात्री बॉशच्या नावापुढे शून्य गुण होते.

2014च्या उन्हाळ्यात लेब्रॉन क्लीव्हलँडला परत गेला. पुढच्या मोसमात चेंडू पुन्हा बॉशच्या हाती जास्त येऊ लागला. फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळ्यांमुळे तो मोसम त्याला अर्ध्यावर सोडावा लागला, पण जे 44 सामने खेळला त्यांत त्याची सरासरी होती 21.1.