उपचार अर्ध्यावर सुटू नयेत
कर्करोगग्रस्त बालकांना हवा गावाचा आधार

लहान मुलास कर्करोग झाल्याचे कळताच त्या घरावर जणू आकाश कोसळते. "आता काही इलाज नाही" असे शेजारीपाजारीही बोलू लागतात. परंतु हा समज खरा नाही. बालवयातील अनेक कर्करोग योग्य उपचारांनी पूर्णपणे बरे होतात. संपन्न देशांत अशी शंभरांतील ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब देशांत मात्र तीसही नाहीत. उशिरा होणारे निदान व औषधांचा तुटवडा ही या तफावतीची कारणे आहेतच. पण उपचार मध्येच सोडून देणे हेही एक मोठे कारण आहे, आणि ते टाळणे पुष्कळ अंशी समाजाच्या हाती आहे.

उपचार का सुटतात?

मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचेच उदाहरण घेऊ. पहिल्या महिना-सव्वा महिन्याच्या उपचारांनंतर बहुतेक मुलांच्या रक्तात रोगपेशी दिसेनाशा होतात. ताप उतरतो, मूल खेळू लागते. मूल बरे झाले असे समजून आईबाप घरी परततात. प्रत्यक्षात शरीरात दडून राहिलेल्या सूक्ष्म रोगपेशींचा नाश होण्यासाठी दोन ते अडीच वर्षे औषधे घ्यावी लागतात. ती थांबली की रोग उलटतो आणि मग तो आटोक्यात आणणे फार कठीण होते.

केवळ अज्ञानामुळेच असे घडते असे नाही. काणकोण वा सत्तरीतील एखादे कुटुंब मुंबईला गेले की बापाची मजुरी बुडते, राहण्याची सोय नसते आणि घरी राहिलेल्या भावंडांकडे पाहावयास कोणी नसते.

मुंबईचा अनुभव

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील बालरुग्णांपैकी सुमारे वीस टक्के रुग्णांचे उपचार २००९ च्या सुमारास अपुरे राहत असत. त्यानंतर निवास, अन्न, रक्त, आर्थिक साहाय्य व समुपदेशन यांची एकत्रित व्यवस्था करण्यात आली आणि हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले. औषधांच्या जोडीला आधार मिळाला तर कुटुंबे उपचार सोडत नाहीत, हेच यावरून सिद्ध होते. दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांना आश्रय देते. २००६ पासून कार्यरत असलेली सेंट ज्यूड संस्था अशा मुलांची व पालकांची विनामूल्य सोय करते.

आपण काय करावे?

पालकांनी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांची भेट पहिल्याच दिवशी घ्यावी. कर्करोगाच्या रुग्णास व सोबत्यास रेल्वेभाड्यात सवलत मिळते. राज्याची मेडिक्लेम योजना व दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना यांची चौकशी प्रवासापूर्वीच करावी. उपचारांच्या काळात मुलास ताप आल्यास घरगुती औषधांत वेळ न दवडता, रात्र असली तरी, तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. कारण या काळात त्याची प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते.

शिक्षकांनी मुलाचे नाव पटावरून कमी होऊ देऊ नये आणि अभ्यास त्याच्याकडे पाठवीत राहावा. हा रोग संसर्गजन्य नाही आणि गळालेले केस पुन्हा उगवतात, हे वर्गातील मुलांना समजावून सांगावे. ते मूल शाळेत येत असताना कोणास कांजिण्या वा गोवर झाल्यास पालकांना त्याच दिवशी कळवावे.

पंचायत सचिव, तलाठी व मामलेदार कार्यालयांतील कर्मचाऱ्यांनी उत्पन्नाचे दाखले विनाविलंब मिळतील असे पाहावे. एका दाखल्यासाठी चार खेपा म्हणजे चार दिवसांची मजुरी आणि कदाचित उपचाराची चुकलेली तारीख.

ग्रामस्थांनी भावंडांच्या जेवणाची, गुरांची व शेताची काळजी वाहावी. तरुणांनी रक्तदान करावे. रक्तातील बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट्स, केवळ पाच दिवस टिकत असल्याने दात्यांची गरज नित्याची असते.

आणि मुलाशी खोटे बोलू नये. "सुई टोचणार नाही" असे सांगून टोचली की त्याचा विश्वास उडतो. "थोडे दुखेल, पण मी तुझा हात धरून बसेन" हे खरे बोलणेच त्याला धीर देते.

डॉक्टर रोगाशी झुंज देतात. परंतु मुलास दर तारखेला दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचविणे, हे काम आपणा सर्वांचे आहे.